प्राण्यांचे सण : मुलांसाठी चित्रपुस्तकमाला कशी घडवावी

आमच्या पहिल्या पुस्तकाच्या कच्च्या प्रतीत शेकरू दिवाळीला अंगणात बसून रांगोळी काढत होतं. चित्र सुरेख उतरलं होतं. आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेत ती प्रत वाचायला नेली, तेव्हा तिसरीतली एक मुलगी त्याच पानावर अडली आणि म्हणाली, "हे खाली कशाला आलं? खाली कुत्री असतात ना." तिच्या घरामागच्या झाडांवर तिनं शेकरू पाहिलेलं होतं. ते फांद्याफांद्यांवरून जातं, जमिनीवर क्वचितच उतरतं, हे तिला माहीत होतं. आम्ही माणसाची दिवाळी उचलून त्याच्या अंगावर चढवली होती. पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला घेतलं.

तेव्हापासून एकच गोष्ट धरून काम करतो : सण त्या प्राण्याच्या जगण्यातून यायला हवा. सशाला झब्बा घातला, हत्तीच्या हातात फुलबाजी दिली, की प्राण्यांचं पुस्तक होत नाही. मुखवटे घातलेल्या माणसांचं होतं. शेकराची दिवाळी, कासवाचा शिमगा, वटवाघळाची ईद कशी असेल, हे शोधत गेलात तर गोष्ट आपोआप सापडत जाते आणि मुलाच्या हाती सणही लागतो, प्राणीही लागतो. शाळेसाठी, वस्तीतल्या वाचनालयासाठी किंवा घरच्या मुलांसाठी चार-सहा पुस्तकांची माला करू पाहणाऱ्यांसाठी ही सगळी वाट पायरी पायरीनं लिहितो आहे.

आधी दोन पंचांगं एकाखाली एक मांडा

ड्रॉइंगचा मोठा कागद घ्या, त्यावर चैत्र ते फाल्गुन असे बारा रकाने आखा. वरच्या ओळीत सण लिहा. खालच्या ओळीत त्या महिन्यात तुमच्या भागातले प्राणी, पक्षी, किडे काय करत असतात ते लिहा. वरची ओळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून तासाभरात भरते. खालचीला महिना लागतो, आणि तो लागू द्यावा. गुराखी, कोळी, वनरक्षक, पक्षी बघायला जाणारे शिक्षक, शेतावरची आजी या सगळ्यांना विचारत फिरावं लागतं. कागद भरत आला की वरची आणि खालची ओळ काही ठिकाणी आपणहून जुळलेली दिसते. पुस्तकं तिथंच असतात.

फाल्गुनाचा रकाना पाहा. वर होळी, शिमगा. खाली कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून बाहेर पडत असतात. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला याच सुमाराला कासव महोत्सव भरतो. पिल्लू वाळूतून डोकं वर काढतं आणि जिकडे उजेड दिसेल तिकडे चालू लागतं, कारण मोकळ्या समुद्रावरचं आभाळ किनाऱ्यापेक्षा उजळ असतं. आता त्याच रात्री मागे गावात होळी पेटलेली असेल तर? पिल्लू जाळाकडे वळेल. कुणी खलनायक न आणता गोष्टीत खरी भीती आली, आणि ती गावानं सोडवायची आहे.

वैशाखात वर बुद्ध पौर्णिमा आहे. खाली रान तहानलेलं असतं, झरे आटलेले असतात, प्राणी उरल्यासुरल्या पाणवठ्यावर येतात. म्हणूनच त्या रात्री चांदण्यात मचाणावर बसून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची नोंद करायची प्रथा महाराष्ट्रातल्या अभयारण्यांत आहे. वर झाडावर माणसं श्वास रोखून गप्प बसलेली, खाली एकाच पाण्यावर सांबर, अस्वल, साळिंदर आपापल्या वेळेला येऊन जाणारं. बुद्धाचं नावही न घेता त्या पौर्णिमेचं मर्म पानावर उतरतं.

भाद्रपदाच्या वद्य पक्षात कावळा आहे. एरवी हुसकावला जाणारा पक्षी त्या पंधरवड्यात गच्चीगच्चीवर बोलावला जातो. उन्हाळ्याच्या शेवटी घरट्यातून निघालेल्या पिल्लाचा हा पहिलाच पितृपक्ष. माणसं आपल्याला आज हाका का मारतात, हे त्याला कळत नाही. आजी-आजोबा गेलेल्या घरातल्या मुलाशी बोलायला याहून हळुवार दार मला माहीत नाही. पितृपक्ष काही मुलांच्या पुस्तकाचा विषय नव्हे, असं मला पुष्कळांनी सांगितलं. मला ते पटत नाही. मुलं ते पान वाढताना बघत असतातच.

श्रावणातल्या नागपंचमीवर मी जरा जास्त थांबतो, कारण या सणाची चित्रं सर्रास चुकतात. दुधाची वाटी आणि फणा काढलेला नाग हेच चित्र सगळीकडे दिसतं. साप दूध पीत नाही. ते त्याचं अन्नच नाही. पण त्या दिवशी शेतात नांगर चालत नाही, जमीन खणत नाहीत, घरात चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, पुरणाची दिंडं उकडून करतात. आणि सापाला बाहेरचे कान नसतात. जमिनीतली थरथर त्याला खालच्या जबड्यातून कळते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की सापाचा सण दिसतो : जमीन गप्प असते तो दिवस. रोज धडधड, धपधप, खणखण. आणि एका सकाळी काहीच नाही. साप बिळाच्या तोंडाशी हनुवटी टेकून ऐकतो. बस, एवढंच पुस्तक. मूल घरातल्या माणसांना विचारतं, आज नांगर का नाही चालवायचा, आणि उत्तर त्यांनाही आठवावं लागतं.

इतर धर्मांचे सणही याच कागदावर आणा, पण "तेही हवंच" म्हणून आणू नका, जुळलेले असतील तेव्हा आणा. रमजान ईदचा चांद सूर्य मावळल्यावर लगेच पश्चिमेला दिसतो, आणि वडा-पिंपळावर उलटी टांगलेली मोठी वटवाघळंही नेमकी त्याच संधिप्रकाशात उडायला निघतात. गच्चीवर अख्खी गल्ली आभाळाकडे बघतेय आणि एक वटवाघूळ वर निघालंय. ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे ती तुम्हाला हव्या त्या ऋतूत मांडता येते. वसईच्या किंवा गोव्याच्या नाताळासाठी मी धोबी पक्षी निवडला. शेपटी वरखाली हलवत अंगणात फिरणारा हा पाहुणा थंडीपुरता येतो. नाताळच्या गोठ्यावर कापसाचं बर्फ पसरणाऱ्या मुलांना तो सांगू शकतो की त्याच्या गावी खरंच बर्फ पडतं आणि ते पडायच्या आतच तो इकडे निघून आला.

चार ते सहा पुस्तकं पुरेत. निवडताना जागा बदलत्या ठेवा : एक समुद्राचं, एक रानाचं, एक गोठ्याचं, एक गच्चीचं. सगळीच पुस्तकं फराळ आणि दिव्यांची झाली तर तिसऱ्या पुस्तकाला मूल कंटाळतं.

मालेचे नियम एका कार्डावर लिहून भिंतीला लावा

प्राणी बोलतात का? कपडे घालतात का? माणसं दिसतात का? हे पहिल्या पुस्तकाआधी ठरवलं नाही तर दुसऱ्या पुस्तकात गाय मुकी आणि तिसऱ्यात बोकड भाषण करणारा निघतो. आमच्या कार्डावर चार ओळी आहेत. प्राणी आपसात बोलतात, माणसांशी नाही. अंगावर कपडे नाहीत, माणसानं घातलेला साज चालेल. प्राणी विस्तव पेटवत नाही. माणसं दिसतात ती प्राण्याच्या उंचीवरून, म्हणजे बहुतेकदा हात आणि पाय.

शेवटच्या नियमानं पोळ्याचं पुस्तक वाचवलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि त्याला आमंत्रण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यात बोललं जातं आहे, त्याहून चांगली सुरुवात आपण लिहू शकणार नाही. चित्रात फक्त बैलाचा खांदा, वर्षभर जू घासून केस गेलेली ती जागा, आणि तिच्यावरून फिरणारे दोन पिवळे हात. चेहरा दाखवायची गरजच पडली नाही.

प्रत्येक प्राण्यासाठी आणखी एक कागद करा : दिवसा जागतो की रात्री, एकटा राहतो की कळपात, काय खातो, कशाला भितो, घर कसं करतो, त्या महिन्यात त्याचं काय चाललेलं असतं. या कागदातली एखादी अडचणच गोष्ट देते. आमच्या शेकराचं तसंच झालं. शेकरू दिवसा वावरतं, अंधार पडला की घरट्यात जातं. मग दिव्यांची रोषणाई ते बघणार कधी? महिनाभर अडून बसलो. मग लक्षात आलं की दिवाळीला एक पहाटही असते. अभ्यंगस्नान, धुकं, दव, पायाखाली फोडायचं कडू कारीट. रात्र सोडली आणि पुस्तक सुटलं.

सोळा पानांची कच्ची वही

ए-फोर आकाराचे चार कागद घ्या, एकावर एक ठेवून मधोमध दुमडा. सोळा पानांची वही झाली. छापील चित्रपुस्तकांची पानं चारच्या पटीत असतात ती याच कारणानं; एक कागद दुमडला की चार पानं होतात. पहिलं पान शीर्षकाचं. त्यानंतर समोरासमोर उघडणाऱ्या सात जोड्या मिळतात : २-३, ४-५, असं करत १४-१५ पर्यंत. सोळावं पान एकटं उरतं. म्हणजे गोष्टीला सात मोठी चित्रं आणि शेवटी एक छोटं. सुरुवातीला हे फार कमी वाटतं, पण सातात न बसणारी गोष्ट बहुधा दोन गोष्टींची मिळून झालेली असते.

शेकराची गोष्ट अशी बसली. भीमाशंकरचं रान, पावसाळा सरलेला. शेकरू आपल्या हद्दीत एक नव्हे, बरीच घरटी बांधतं. उंच फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचे गोळे.

पान २-३ : धुक्यात शेकरू जागं होतं. "आज दिवाळी. घर झाडायला हवं. पण कोणतं?"

पान ४-५ : पहिलं घर आंब्यावर. शेकरू वाळकी पानं उडवतं. सर्र, सर्र.

पान ६-७ : उडी. दोन्ही पानं भरून फक्त उडी, खाली दरी. अक्षर एकही नाही.

पान ८-९ : हिरड्यावरचं घर. फांदी हलली, दवाचा सडा अंगावर. "झाली आंघोळ!"

पान १०-११ : तिसरं घर जांभळीवर. तिथं तर…

पान १२-१३ : घर नाहीच. पावसानं विस्कटलेलं, चार काटक्या लोंबतायत.

पान १४-१५ : शेकरू एक हिरवी डहाळी तोडून आणतं. मग दुसरी. मग तिसरी.

पान १६ : नव्या घराच्या भिंतीतून उन्हाचा एक कवडसा आत. दिवा लागला.

"तिथं तर…" हे उजव्या पानाच्या शेवटी आहे याकडे लक्ष द्या. चित्रपुस्तकात उत्सुकता पान उलटण्यावर टांगलेली असते. प्रश्न उजवीकडे, उत्तर उलटल्यावर. तेच उत्तर समोरासमोरच्या पानावर ठेवलं तर मुलाची नजर आधीच तिकडे गेलेली असते. कच्च्या वहीत पेन्सिलीनं काड्यांची माणसं काढली तरी चालेल, पण वही हातात धरून पानं उलटल्याशिवाय पुढं जाऊ नका. संगणकाच्या पडद्यावर हे कळत नाही.

घरच्या प्रिंटरवर हेच पुस्तक काढायचं असेल तर एक सोपा हिशेब आहे : कागदाच्या एका बाजूला येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी सतरा. सगळ्यात बाहेरच्या कागदावर १६ आणि १, त्याच्या पाठीवर २ आणि १५. पुढच्यावर १४ आणि ३, पाठीवर ४ आणि १३. मग १२ आणि ५, पाठीवर ६ आणि ११. सगळ्यात आतल्यावर १० आणि ७, पाठीवर ८ आणि ९. सलग एकाच कागदावर छापली जाणारी जोडी फक्त मधली, ८-९. बाकी सगळ्या जोड्यांत डावं पान एका कागदावर आणि उजवं दुसऱ्यावर असतं, त्यामुळे जोडावर चित्र केसभर सरकतंच. प्राण्याचा चेहरा किंवा डोळा जोडावर आणू नका. आमच्या पहिल्या छपाईत शेकराचं नाक दुमडीत गेलं होतं, आणि मुलं ते पान दोन्ही हातांनी ताणून बघत होती.

शब्द

तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी अख्ख्या पुस्तकात दीडशे-दोनशे शब्द मला पुरतात. सहा ते आठच्या मुलांसाठी चारशेपर्यंत जातो. लिहून झालं की मोठ्यानं वाचा, आणि चित्रात दिसतंय ते वाक्यातून काढून टाका. "शेकरू मोठ्या हिरव्या झाडावर बसलं होतं" या वाक्यात चित्रानं न सांगितलेलं काहीच नाही. वास, आवाज, स्पर्श, मनातली शंका यांना शब्द लागतात. मराठीत आवाजांचं भांडार आहे : दव टपटप पडतं, उंदीर सुळ्ळकन जातो, पक्षी भुर्रकन उडतो, झूल घातलेल्या बैलाचे घुंगरू छुमछुमतात. हे शब्द मुलं वाचता न येताही पाठ म्हणतात, आणि पुढं तोच शब्द छापलेला ओळखतात.

आपल्या भाषेनं या मालेला एक देणगी दिली आहे. ते शेकरू, ते कासव, ते वासरू, ते पाखरू, ते पिल्लू. नपुंसकलिंगामुळे नायक मुलगा की मुलगी हा प्रश्नच उठत नाही. वर्गातलं कुणीही ते कासव होऊ शकतं. "टिंकू शेकरू आला" असं नाव देऊन त्याला पुल्लिंगी करायची घाई करू नका. माझ्या मालेत प्राण्यांना नावंच नाहीत.

जोडाक्षरांना भिऊन भाषा पाणचट करू नये, पण एका ओळीत तीन-तीन जोडाक्षरं आली की नुकतं वाचायला लागलेलं मूल दमतं. "प्रज्वलित" कापून "पेटवला" लिहिलं तर वाक्य सुधारतंच. अक्षर मोठं, वीस पॉइंटच्या आसपास, आणि दोन ओळींत भरपूर अंतर ठेवा, कारण आपल्या लिपीत वर वेलांट्या, रफार आणि खाली उकार असतात. टंक (फॉन्ट) निवडताना ल आणि श बघून घ्या. मराठी वळणाचा ल पाकळ्यांचा असतो, श देठाचा. संगणकावरच्या पुष्कळ टंकांत ही अक्षरं हिंदी वळणाची येतात, आणि शाळेत एक ल गिरवणारं मूल पुस्तकात दुसराच बघतं. मुक्ता, बालू असे चांगले देवनागरी टंक मोफत मिळतात. त्यांतही मराठीची रूपं उमटतात का, हे छापून बघा.

चित्रं, आणि चंद्र

फोटोवरून फोटो काढल्यासारखं चित्र नको. प्राणी प्रत्यक्ष बघता आला तर उत्तम, नाही तर त्याची हालचाल दाखवणारी चित्रफीत पुन:पुन्हा बघा. त्याच्या उंचीवरून बघायची सवय लावा. वारली शैली हवी असेल तर वारली चित्रकारांसोबत काम करा, त्यांना मोबदला द्या आणि मुखपृष्ठावर त्यांचं नाव घाला. चार काठ्यांची माणसं काढून "वारली स्टाइल" म्हणणं मला मान्य नाही.

सणांच्या चित्रांत सगळ्यात जास्त चुकतो तो चंद्र. आपले बहुतेक सण तिथीवर असल्यामुळे त्या रात्रीचा चंद्र ठरलेला असतो. लक्ष्मीपूजन अमावास्येला, तेव्हा आभाळात चंद्र नाही. कोजागरी, होळी, बुद्ध पौर्णिमा : पूर्ण चंद्र. संकष्टीचा चंद्र रात्री उशिरा. ईदची कोर पश्चिमेला, खाली, आणि तिची टोकं मावळलेल्या सूर्यापासून वर वळलेली.

कासवाच्या पुस्तकात आम्ही यात पुरते अडकलो. चित्रकारानं होळीच्या संध्याकाळी समुद्रातून उगवणारा पूर्ण चंद्र काढला आणि पिल्लं त्याच्याकडे चाललेली. फार देखणं चित्र. पण कोकणचा समुद्र पश्चिमेला आहे. पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळी पूर्वेला, म्हणजे सह्याद्रीच्या बाजूनं उगवतो, गावाच्या मागून. त्या चंद्राकडे गेली तर पिल्लं नारळीच्या बागेत जातील. दोन दिवस सगळे उदास होतो. मग उत्तर पंचांगातच सापडलं : तोच चंद्र पहाटे समुद्रावर मावळतो. गोष्ट संध्याकाळवरून पहाटेवर नेली. होळी विझून राख झालेली आहे, पालखीबरोबर नाचून दमलेली माणसं घरी गेलीत, ढोल थांबलाय, आणि फिकट होत चाललेल्या चंद्राखाली पिल्लं पाण्याकडे निघाली आहेत. गावानं होळी या वर्षी किनाऱ्यापासून लांब, देवळामागं पेटवली हे आम्ही एका पानात सांगतो.

अंधाराची चित्रं छपाईला देताना आधी एकच पान छापून घ्या. पडद्यावर आरजीबी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या उजेडाचे रंग दिसतात, छपाई सीएमवायके, म्हणजे निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या रंगांत होते. लखलखीत निळा जांभळट होतो, पोपटी मळकट होतो, आणि पडद्यावर छान दिसणारा अंधार कागदावर नुसता काळा येतो. काजव्यांच्या एका पुस्तकाच्या पहिल्या दोनशे प्रतींत झाडंच दिसेनाशी झाली होती. चूक माझी होती, एक नमुना पान बघितलं असतं तर टळली असती. आता रात्रीचं चित्र मला योग्य वाटतं त्याहून दोन छटा उजळ करून देतो.

दोन जाणकार आणि सहा मुलं

छपाईआधी प्रत्येक पुस्तक एका प्राणी जाणणाऱ्याला आणि एका सण पाळणाऱ्याला दाखवा. दुसरा माणूस शक्यतो त्याच भागातला हवा. विदर्भ, मराठवाड्यात पोळा श्रावण अमावास्येला, कोल्हापूर-सांगलीकडे बैलांचा बेंदूर आषाढात, पुणे जिल्ह्यात काही ठिकाणी भाद्रपद अमावास्येला. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहान मुलं लाकडी नंदी सजवून नेतात. यातलं एकच बरोबर असं नाही. आम्ही मागच्या कव्हरच्या आत एक रिकामी चौकट ठेवतो : "आमच्याकडे असं. तुमच्याकडे कसं?" तिथं मुलानं लिहायचं किंवा काढायचं.

मग मुलं. सहा पुरेत, पण ती तुमच्या घरातली नकोत. "आवडलं का?" असं विचारू नका, मुलं मोठ्यांचं मन राखतात. शब्दांवर कागदाची पट्टी लावा आणि चित्रं बघून गोष्ट सांगायला सांगा. जिथं सगळी मुलं भलतंच सांगतात तिथं चित्र दुरुस्त करायचं. नंतर शब्दांसकट वाचून दाखवा आणि पान कधी ओढलं जातं, कधी कुणी खिडकीबाहेर बघतं, एवढंच टिपून ठेवा.

छपाई

पाच-दहा प्रती हव्या असतील तर घरीच करा. साधा स्टेपलर पानाच्या मध्यापर्यंत पोचत नाही. वही उघडी पालथी घालून खाली थर्मोकोल ठेवा, स्टेपलर उघडून दुमडीवर पिना मारा, कागद उचलून पिनांची टोकं हातानं वळवा. त्याहून टिकाऊ म्हणजे शिवण : दुमडीवर दाभणानं तीन भोकं पाडा, मधल्या भोकातून आतून दोरा बाहेर काढा, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत आणि गाठ. बालवाडीच्या हातात पिनेपेक्षा दोरा बरा.

छापखान्यात जाताना तीन गोष्टी ठरवून जा : आतला कागद साधारण १३० ते १७० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), कव्हर २५० ते ३००, वर मॅट लॅमिनेशन. चित्रं ३०० डीपीआयची (एका इंचात तीनशे ठिपके), आणि कडेनं तीन मिलिमीटर जास्तीचं चित्र, कापताना पांढरी रेघ राहू नये म्हणून. शे-दोनशे प्रती डिजिटलवर परवडतात. हजाराच्या घरात गेलात तर ऑफसेट स्वस्त पडतं. सेंटर पिनच्या, म्हणजे दुमडीवर पिना मारलेल्या, सोळा पानी पुस्तकाला पाठ नसते, त्यामुळे कपाटात उभं ठेवल्यावर नाव दिसत नाही. माला एका कापडी पिशवीत घालून दिली तर पुस्तकं हरवत नाहीत, शिवाय वर्गात फिरवता येते. विक्रीला ठेवणार असाल तर प्रत्येक पुस्तकाला वेगळा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) घ्या. भारतात तो विनामूल्य मिळतो, राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा. पैसे कमवायचे नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्ट खुल्या परवान्यानं ठेवता येते. मग कुणी तिचं गोंडी किंवा कोरकूतही रूपांतर करू शकतं.

वेळेचा हिशेब उलटा मांडा. दिवाळीचं पुस्तक दिवाळीला तयार झालं तर शाळांना सुट्टी लागलेली असते. ते नवरात्रात वर्गात पोचायला हवं. एका पुस्तकाला आम्हाला पाच महिने लागतात : प्राणी समजून घ्यायला एक, कच्च्या वहीला एक, चित्रांना दोन, मुलं-जाणकार-छापखाना मिळून एक. म्हणजे शेकराचे कागद वैशाखात उघडायचे, कासवाचे दसऱ्याआधी, आणि बैलाचे, मागचा शिमगा संपला की लगेच.